दरडीचं धरण आणि बांधलेलं धरण : फरक नेमका कुठे पडतो?

निरगुडी (धागाकर्ता)

हिमालयात दरड कोसळून नदी अडली, मागे तलाव साचला, खालची गावं हलवली, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना एक प्रश्न पडतो. आपली बरीच धरणं मातीची आहेत. जायकवाडीची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांबीची, बहुतांश मातीची, आणि 1976 पासून उभी आहे. दरडीचा ढिगाराही माती-दगडाचाच, शिवाय उंचीला कितीतरी जास्त. मग तो काही दिवसांत वा महिन्यांत का फुटतो? आणि ताजिकिस्तानात एक दरडीचं धरण शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं आहे, ते कसं?

भूशास्त्र आणि बांधकाम दोन्ही जाणणारे इथे आहेत. आकड्यांसह लिहिलंत तर फार उपयोग होईल.

---

अश्मक

चांगला विषय. आधी आयुष्याचे आकडे देतो. कोस्टा आणि शुस्टर या संशोधकांनी 1988 साली, आयुष्याची नोंद असलेल्या 73 दरड-धरणांचा हिशोब मांडला. त्यातली 27 टक्के पहिल्याच दिवसात गेली, 41 टक्के आठवड्यात, 56 टक्के महिन्याभरात, 80 टक्के सहा महिन्यांत आणि 85 टक्के वर्षाच्या आत. म्हणजे पहिलं वर्ष काढलं तर धरण बराच काळ राहण्याची शक्यता असते, पण ते वर्ष काढणारी थोडीच.

फुटण्याचं मुख्य कारण एकच आहे : पाणी माथ्यावरून ओसंडतं. पाझराने आतून पोखरलं जाणं आणि उतार घसरणं ही कारणंही आहेत, पण त्यांचा वाटा कमी. ढिगारा पाण्याच्या दाबाने ढकलला जाईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. नदीच्या दिशेने त्याची जाडी शेकडो मीटर, कधी किलोमीटरभर असते. दाब त्याला हलवत नाही. वरून वाहणारं पाणी त्याला कापतं.

निसर्गनिर्मित धरणं आणखीही आहेत. हिमनदीने ढकलून आणलेल्या गोट्या-मातीचा बांध म्हणजे हिमोढ. खुद्द हिमनदीच दरी अडवते तो बर्फाचा बांध. लाव्हाने अडवलेल्या नद्याही आहेत. हिमोढाचं धरण दरडीपेक्षा धोक्याचं मानतो मी, कारण त्याची भिंत अरुंद व उभी असते आणि पोटात बर्फ उरलेला असू शकतो. तो वितळला की माथा खचतो. केदारनाथच्या वरचं चोराबारी ताल जून 2013 मध्ये फुटलं, ते हिमोढानेच अडलेलं होतं.

---

गोदातीर

बांधकामाची बाजू मी लिहितो. मातीचं धरण म्हणजे मातीचा ढीग, ही समजूत आधी सोडून द्यावी लागेल. त्यात प्रत्येक थराला काम नेमून दिलेलं असतं.

सुरुवात पायापासून. भिंतीच्या रेषेत खंदक खणतात, साइटवर त्याला सीओटी म्हणतात. तो न झिरपणाऱ्या थरापर्यंत, आपल्याकडे बहुधा कठीण बेसाल्टपर्यंत, न्यायचा आणि गाभ्याच्याच मातीने भरायचा. खाली भेगाळ खडक लागला तर भोकं पाडून दाबाखाली पाणी सोडतात, किती पाणी जिरतं ते मोजतात आणि त्यानुसार सिमेंटचं ग्राउटिंग करतात, म्हणजे भेगांत पातळ सिमेंट दाबून भरतात. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये लाल बोलचा, म्हणजे मऊ लाल मातकट थराचा, पट्टा असेल तर तिथे जास्त लक्ष द्यावं लागतं.

त्यावर भराव. मधला गाभा, म्हणजे हार्टिंग, कमी झिरपणाऱ्या चिकण मातीचा. दोन्ही बाजूंचं केसिंग मुरमाचं. गाभा पाणी अडवतो, केसिंग गाभ्याला उभं धरतं. माती दाबून 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत चढवायची, प्रत्येक थराची घनता आणि ओल तपासायची. घनता प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या 98 टक्क्यांच्या आसपास मागतात. ओल कमी पडली तर माती गुठळ्यांच्या रूपात बसते आणि धरण पहिल्यांदा भरताना खचते. ओल जास्त झाली तर रोलर रुततो आणि आतला पाण्याचा दाब लवकर उतरत नाही. नवा थर टाकण्याआधी खालचा थर खरवडून ओला करायचा. नाही केला तर दोन थरांमध्ये सपाट सांधा राहतो आणि पाणी तीच वाट धरतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : गाळणी. गाभ्याच्या खालच्या अंगाला वाळूचा उभा पट्टा, तळाशी आडवा पट्टा आणि शेवटी भिंतीच्या पायथ्याशी दगडांचा थर, म्हणजे टो. कुठल्याही मातीच्या धरणातून पाणी थोडं पाझरतंच. गाळणीचं काम ते थांबवणं नाही. पाणी जाऊ द्यायचं आणि मातीचा कण अडवायचा. त्यासाठी वाळूचं मापही ठरलेलं आहे : गाळणीतले 15 टक्के कण ज्या आकाराहून बारीक आहेत, तो आकार गाभ्याच्या मातीतल्या 85 टक्केवाल्या आकाराच्या चार-पाच पटींहून मोठा नको. वाळू फार जाड निघाली तर मातीचे कण तिच्यातून निसटतात, फार बारीक निघाली तर पाणी तुंबतं. एकदा कण वाहायला लागले की खालून वर बीळ तयार होत जातं. यालाच पायपिंग म्हणतात.

आणि सांडवा. तो शक्यतो मातीच्या भरावाबाहेर, खडकावर. आयएस 11223 या भारतीय मानकाप्रमाणे साठा 6 कोटी घनमीटरहून जास्त किंवा पाण्याची उंची 30 मीटरहून जास्त असेल, तर त्या खोऱ्यात संभवणारा कमाल पूर धरून सांडवा आखायचा. मधल्या गटाला त्याहून कमी धरलेला प्रमाणित पूर, छोट्या धरणांना शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. सांडव्यातून पूर जात असतानाही भरावाचा माथा पाण्याच्या वर राहील इतकी मोकळी उंची ठेवायची, लाटांचा हिशोब त्यात धरून.

बांधणीचा क्रमही पाहा. नदीच्या पात्रातला भाग शेवटपर्यंत उघडा ठेवतात. दोन्ही काठांचा भराव, विमोचक (पाणी सोडण्याचा नळ आणि दरवाजे), सांडवा ही कामं आधी मार्गी लावायची आणि मग एकाच कोरड्या हंगामात, ऑक्टोबर ते मे, पात्रातली उरलेली मोकळी जागा भरायची, म्हणजे घळभरणी करायची. जूनपूर्वी भराव सुरक्षित पातळीला आला पाहिजे आणि पाण्याला जायला वाट तयार पाहिजे. निरगुडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. दरड म्हणजे सांडव्याआधी झालेली घळभरणी.

---

निरगुडी

हे शेवटचं वाक्य पटलं. पण मग अश्मक म्हणतात तशी किलोमीटरभर जाडी असताना पाझराची भीती तरी उरते का? आणि ताजिकिस्तानचं राहिलं.

---

अश्मक

ते उसोयचं धरण. 18 फेब्रुवारी 1911 रोजी पामीरमध्ये मोठा भूकंप झाला आणि मुरगाब नदीच्या दरीत सुमारे 2 घनकिलोमीटर खडक कोसळला. उसोय गाव त्याखाली गाडलं गेलं, मागे चढलेल्या पाण्यात सारेझ गाव बुडालं, म्हणून तलावाला नाव सारेझ. धरणाची उंची 567 मीटर. माणसाने बांधलेलं कुठलंही धरण याच्या जवळपासही नाही. तलाव 55 किलोमीटरहून लांब, साठा 16 ते 17 घनकिलोमीटर. कोयनेचा साठा 105 टीएमसी, म्हणजे 3 घनकिलोमीटरच्या आत. त्याच्या पाचपटीहून जास्त पाणी तिथे अडलेलं आहे.

ते टिकलं याचं कारण अजून पाणी माथ्यावर पोचलेलंच नाही. माथ्याचा सर्वांत खोलगट भाग पाण्यापासून सुमारे 50 मीटर वर आहे. ढिगाऱ्यातून सेकंदाला 45 घनमीटरच्या आसपास पाणी पाझरून खालच्या बाजूला झऱ्यांच्या रूपात बाहेर पडतं आणि येणाऱ्या पाण्याशी त्याचा मेळ बसलेला आहे. म्हणजे पाझर हाच तिथला सांडवा. मोठमोठ्या खडकांच्या फटींतून वाहणारं पाणी बारीक कण फारसे ओढत नाही, म्हणून तो चालतो. त्याच जागी चुरा झालेली शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) किंवा मातकट दरड असती तर इतक्या पाझरात बीळ पडलं असतं. नुसती जाडी पुरेशी नाही, ढिगारा कशाचा आहे ते बघावं लागतं.

दरड-धरण टिकेल का, याचा पहिला अंदाज घ्यायला एक सोपं गणित वापरतात, एर्मिनी आणि कासाली यांचं, 2003 चं. पाणलोट क्षेत्र (चौरस किलोमीटर) गुणिले धरणाची उंची (मीटर), भागिले ढिगाऱ्याचं आकारमान (दशलक्ष घनमीटर), आणि आलेल्या आकड्याचा दहाच्या पायाचा लॉगरिदम. उत्तर 2.75 च्या खाली आलं तर स्थिर, 3.08 च्या वर आलं तर अस्थिर, मधलं संदिग्ध.

---

मोजणीदार

अश्मक, या निर्देशांकावर फार विसंबू नये असं माझं मत आहे. तुमच्याच उसोयला लावून बघा. पाणलोट सुमारे 16,000, उंची 567, आकारमान 2,200 धरलं तर उत्तर 3.6 येतं, म्हणजे चक्क अस्थिर. धरण मात्र 1911 पासून उभं आहे. ढिगाऱ्यातल्या दगडाचा आकार आणि पाझर या सूत्रात कुठेच येत नाहीत.

मला उपयोगी वाटतं ते वेळेचं गणित. जागेवर पोचल्यावर पहिल्या दिवशी तीन गोष्टी मोजायच्या : माथ्यावरच्या सर्वांत खालच्या खोबणीची पातळी, तलावाची रोज चढणारी पातळी आणि येवा, म्हणजे नदीतून येणारं पाणी. सरासरी 100 क्युमेक (सेकंदाला 100 घनमीटर) येवा असेल तर दिवसाला 86.4 लाख घनमीटर पाणी येतं. खोबणीपर्यंतचा साठा 25 कोटी घनमीटर असेल तर हाताशी 29 दिवस आहेत. दरी वर रुंदावत असल्यामुळे पातळी चढण्याचा वेग कमी होत जातो, म्हणून नुसत्या पातळीच्या वेगावर तारीख काढली तर ती फार लवकरची येते. नकाशावरून पातळी आणि साठ्याचा आलेख काढूनच हिशोब करावा.

मग सांडवा खोदायचा. सगळा साठा उपसून टाकणं हा हेतू नसतो. पाणी ओसंडणारच आहे, तर ते खालच्या पातळीवर, कमी साठा असताना ओसंडू दे, इतकंच साधायचं असतं. चीनमधल्या तांगजियाशानला हेच केलं. 12 मे 2008 च्या वेनचुआन भूकंपात सुमारे 2 कोटी घनमीटर दरड आली, मागे 25 कोटी घनमीटरच्या आसपास पाणी. रस्ते तुटलेले, म्हणून खोदाई यंत्रं हेलिकॉप्टरने उतरवली. 475 मीटर लांबीची चर खोदली. 7 जूनला पाणी तिच्यातून वाहू लागलं, 10 जूनला प्रवाह वाढत 6,500 क्युमेकपर्यंत गेला. खालून अडीच लाखांच्या आसपास माणसं आधीच हलवलेली होती.

बांधलेल्या मातीच्या धरणांसाठी फ्रोलिकचं 1995 चं सूत्र आहे : फुटल्यावरचा कमाल प्रवाह म्हणजे 0.607 गुणिले साठ्याचा 0.295 घात, गुणिले पाण्याच्या उंचीचा 1.24 घात. 25 कोटी घनमीटर आणि 80 मीटर घातले तर उत्तर 40,000 क्युमेकच्या वर जातं. तांगजियाशानला ढिगारा तळापर्यंत कापलाच गेला नाही, वरचे 30-एक मीटर गेले आणि खालचा दगडी भाग राहिला. चरीने तेवढं साधलं.

चर खोदताना काय बिघडतं, तेही लिहितो. झीज वरून सुरू होत नाही, ती चरीच्या खालच्या तोंडाशी, उतार जिथे तीव्र होतो तिथे सुरू होते. तिथे पायरीसारखा कडा तयार होतो आणि तो मागे मागे सरकत तलावापर्यंत येतो. तो तलावाला भिडला की प्रवाह एकदम वाढतो. म्हणून खालच्या तोंडाशी मोठे दगड अंथरणं हे चर खोदण्याइतकंच महत्त्वाचं. चर फार रुंद ठेवली तर सुरुवातीचा प्रवाह पसरतो, वेग येत नाही, चर खोल होत नाही आणि मागे पाणी चढतच राहतं. फार अरुंद ठेवली तर बाजू ढासळून ती बुजते. मोठा दगड मध्येच अडकला तर फोडावा लागतो, आणि तोही पाणी यायच्या आधी.

पंप लावा असं नेहमी सुचवलं जातं. अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सच्या 1980 च्या उद्रेकानंतर स्पिरिट लेकची वाट बुजली, तिथे तराफ्यावरच्या पंपांनी सुमारे 5 क्युमेक पाणी काढत पातळी धरून ठेवली आणि 1985 मध्ये खडकातून 2.6 किलोमीटरचा बोगदा पूर्ण केला. तिथे येवा कमी होता म्हणून ते जमलं. पावसाळ्यात शेकडो क्युमेक आणणाऱ्या हिमालयी नदीला पंप पुरणार नाहीत.

---

अलकनंदा_वाचक

चर न खोदताही माणसं वाचवता येतात, याचं फार मोठं उदाहरण गढवालमध्ये आहे. सप्टेंबर 1893 मध्ये बिरही गंगेवर गोहना गावाजवळ डोंगर कोसळला. सुमारे 900 फूट उंचीचा बांध. तो कापणं त्या काळी शक्य नव्हतं. कर्नल पुलफर्ड या इंग्रज अभियंत्याने ठरवलं की पाणी ओसंडू द्यायचं आणि खालची दरी रिकामी करायची. थेट हरिद्वारपर्यंत तारेची लाइन ओढली, झुलते पूल उतरवून ठेवले, सुरक्षित उंचीच्या खुणा उभारल्या, यात्रेचा रस्ता वळवला. 25-26 ऑगस्ट 1894 च्या रात्री बांध कापला गेला. गढवालमधलं श्रीनगर शहर धुऊन निघालं, पण बळी गेले पाच, तेही हलवल्यानंतर परत आलेले.

याच प्रकारात सिंधूवर काय झालं ते पाहा. नंगा पर्वताच्या लगतची दरड 1841 च्या जूनमध्ये फुटली तेव्हा खाली अटकेजवळ शिखांच्या फौजेचा तळ होता. सूचना देणारी यंत्रणा नव्हती, फौज वाहून गेली.

गोहनाचा उरलेला तलावही गाळाने भरत गेला आणि जुलै 1970 च्या पुरात संपला.

---

कृष्णाकाठ

इथे एक मुद्दा मांडायचा आहे. आपली बांधलेली धरणं जिथे फुटली, तिथे ती नेमकी दरडीसारखी झाली होती.

पानशेत. 1961 च्या पावसाळ्यात भराव चढलेला होता पण विमोचकाचं काम अपुरं, दरवाजे पूर्ण बसलेले नव्हते. भरावाखालच्या नळाचं छत सळईविना काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. अर्धवट दरवाज्यांखालून सुटलेल्या पाण्याने नळाला हादरे बसले, त्यावरची माती खचत गेली, माथा खाली आला. 12 जुलैला पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण फुटलं. त्याच दिवशी खालचं 1879 चं दगडी खडकवासला धरणही फुटलं.

गुजरातमधल्या मोरबीचं मच्छू-2 धरण, 11 ऑगस्ट 1979. सांडवा आखलेला सुमारे 5,600 क्युमेकचा, आलेला पूर त्याच्या दुपटीहून मोठा. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव पाण्याखाली जाऊन वाहून गेले, मधला दगडी सांडवा उभा राहिला. सांडवा होता, पण त्या पुरापुरता तो नसल्यासारखाच.

---

गोदातीर

सहमत. पानशेतनंतर मातीच्या भरावातून विमोचकाचा नळ नेताना फार काळजी घेतात. नळाच्या कडेला रोलर पोचत नाही, तिथे माती हाताने ठोकावी लागते आणि तीच जागा सैल राहते. म्हणून नळ शक्य तितका खडकात बसवायचा, बाहेरची बाजू थोडी तिरकी ठेवायची म्हणजे माती बसताना नळावर घट्ट होते, आणि नळाचा खालचा भाग गाळणीने वेढायचा.

एक भर. दगडी आणि काँक्रीटच्या धरणांचं गणित वेगळं. ती स्वतःच्या वजनावर उभी असतात आणि माथ्यावरून थोडं पाणी गेलं तरी लगेच कापली जात नाहीत. 1967 च्या भूकंपात कोयनेच्या न सांडणाऱ्या (ज्यांवरून पाणी सोडत नाहीत त्या) उंच खंडांना, मागच्या उताराचा कोन बदलतो त्या पातळीला, भेगा पडल्या. धरण उभं राहिलं आणि नंतर मागून आधार देऊन ते मजबूत केलं. दगडी धरणात खरी भीती असते ती पायाखालच्या पाण्याच्या वर उचलणाऱ्या दाबाची. त्यासाठीच आत गॅलरी (बोगद्यासारखी वाट) आणि निचऱ्याची भोकं असतात. ती भोकं चुन्याने बुजली की दाब वाढतो, म्हणून ती वेळोवेळी साफ करायची.

---

अश्मक

दोन्ही प्रकार एकाच नदीवर आले तर काय होतं, ते सिक्कीममध्ये दिसलं. 3-4 ऑक्टोबर 2023 च्या रात्री दक्षिण ल्होनाक तलावात कडेचा हिमोढ घसरला, उसळलेल्या पाण्याने तलावाचा बांध कापला आणि तो लोंढा चुंगथांगच्या तीस्ता-3 धरणावर आला. 60 मीटर उंचीचं, काँक्रीटच्या दर्शनी पाट्याचं दगडभरावाचं धरण. पाणी माथ्यावरून गेलं आणि भराव वाहून गेला. वर हिमोढाचे तलाव असलेल्या खोऱ्यात केवळ पावसाच्या पुरावर सांडवा आखणं अपुरं आहे, हे माझं ठाम मत आहे.

---

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न : गावाजवळ पाझर तलाव किंवा लघुपाटबंधाऱ्याचं धरण असेल तर गावकऱ्यांनी काय पाहावं? पाझर तलाव तर झिरपण्यासाठीच बांधतात.

---

गोदातीर

पाझर तलावाने तळातून झिरपायचं असतं, भिंतीतून नव्हे. भिंतीच्या खालच्या उतारावर अर्ध्या उंचीला ओल दिसली तर ती गडबड आहे, तलाव कोणत्याही नावाचा असो.

पाझराचं प्रमाण नव्हे, त्यातला बदल पाहावा. टोच्या चरीत व्ही-नॉच (पाझर मोजायची, V आकाराची खाच असलेली पट्टी) बसवलेली असते, तिच्यावरची पाण्याची उंची आठवड्यातून एकदा आणि त्याच दिवशीची तलावाची पातळी वहीत लिहावी. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला तर लगेच कळवावं. पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवावं. तळाशी माती बसली तर भिंतीतून कण निघत आहेत. थोडा पण गढूळ पाझर हा भरपूर पण स्वच्छ पाझरापेक्षा जास्त धोक्याचा.

भरावावर झाडं वाढू देऊ नयेत, बाभूळ आणि पिंपळ तर नाहीच. मूळ कुजलं की बीळ तयार मिळतं. उंदीर-घुशींची बिळं पावसाळ्याआधी शोधून चिकण मातीने ठोकून भरावीत. माथ्यावर भिंतीच्या लांबीला समांतर भेग दिसली तर उतार घसरतो आहे, भिंतीच्या रुंदीत आडवी गेलेली भेग दिसली तर भराव असमान बसला आहे; आडवी जास्त गंभीर, कारण ती पाण्याला आरपार वाट देते. सांडव्यात पाणी जास्त राहावं म्हणून गोणी किंवा फळ्या लावतात, ते कुणालाही करू देऊ नये. त्याने मोकळी उंची जाते.

पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करणं 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने त्याखाली येणाऱ्या मोठ्या धरणांना बंधनकारक आहे. छोटे तलाव त्यात बहुधा बसत नाहीत, म्हणून तिथे गावाची वहीच कामाला येते. भिंतीवर गढूळ पाणी दिसलं की आधी विमोचक पूर्ण उघडून पातळी उतरवायला सांगा. गळतीच्या तोंडावर बाहेरून माती टाकून ते बुजवू नका, त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा उलटा थर द्या, म्हणजे पाणी जाईल आणि कण थांबतील.